घाम गाळणाऱ्या चाकाची बखर

श्री. ज्याने चाकास फिरणे दिले, पाण्यास वजन दिले आणि लोखंडास गंज दिला, त्या कर्त्यास दंडवत घालून, जे घडले तितकेच येथे लिहिले असे. शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लव नाम संवत्सर, ज्येष्ठ मास. ते समयी एका राज्याची भुई काळी, खोल आणि चिकट होती, आणि भुईखालचे पाणी खारे होते. विहीर खणावी तर खारे, बोअर पाडावे तर त्याहून खारे. गोडे पाणी म्हणावे तर एका राजतळ्यात, आणि त्या तळ्याचा पहिला पाट राजवाड्याच्या कारंज्यास जात असे, आणि उरेल ते टँकराने रयतेच्या हंड्यांस मिळत असे. राज्यात बैल उणे होऊन ट्रॅक्टर आले होते आणि त्यांची सरकारी पागा बांधिली होती. मग ऐसे जाहले की, भुई ओली होताच नांगर अडावा, मागली चाके जागीच गरगर फिरावी आणि ट्रॅक्टर तसूभर पुढे सरकू नये. शेजारच्या राज्याने आपल्या चाकांस ओतीव लोखंडाची वजने बोल्टांनी आवळिली होती, आणि त्यांचे ट्रॅक्टर शिवेपलीकडे खुशाल नांगरीत आणि त्यांचे चालक अलीकडे पाहून हसत. एकाने तर हाक घालून विचारिले, "काय हो, नांगरता की ताक घुसळता?" हे वर्तमान दरबारी कळले आणि महाराजांचे जिव्हारी लागले.

मग महाराजांनी सभा भरविली आणि कारभारी नीळकंठपंत यांस पुसिले की, आपली चाके जड कैसी होतील. पंत बोलिले, "लोखंड शेजाऱ्याचे. ते मागावे तर मान त्याचा होतो. आपले म्हणावे ऐसे जे काही आहे त्यातून वजन निघेल तर पाहावे." ते समयी पागेवर पुंजाजी म्हणून चाकदार होता. राज्यातील यच्चयावत टायर, ट्यूब आणि रिम त्याचे हाताखालून जात. मनुष्य हुशार, आणि आपण हुशार आहो हे त्यास पुरते ठाऊक. नम्रता त्याचे घरी कधी मुक्कामास आली नव्हती. त्याने दोन घंगाळी आणविली, एकात राजतळ्याचे गोडे पाणी घातले आणि दुसऱ्यात पागेच्या विहिरीचे खारे, आणि खाऱ्यात आणिक मीठ विरघळविले, आणि दोहोंत एकेक बटाटा सोडिला. गोड्या पाण्यात बटाटा बुडाला आणि खाऱ्यात तरंगला. मग पुंजाजी छाती काढून बोलिला, "महाराज, पाहून घ्या. जे पाणी बटाटा उचलते ते पाणी जड. हे टायरात भरा, शेजारी लोखंड लावते तितकं वजन आपण घरच्या विहिरीतून काढू." महाराज संतोषले. पंत बोलिले, "बटाटा तरला, राज्यही तरेल." सभेने माना डोलाविल्या.

त्याउपरी पुंजाजीने पुढले बोलणे काढिले, आणि या बखरीतील सारे काही त्या पुढल्या बोलण्यावर आहे. तो म्हणाला, "पण एक हाये. खार लोखंडाचा वैरी. पाणी ट्यूबच्या पोटात राहिलं तर भेव नाही. ट्यूबबाहेर घोटभर आलं, की ते ट्यूब अन् रिमच्या मधात बसते, वाळत नाही, अन् रिमले आतून खाते. वरून काही दिसत नाही. म्हणून व्हॉल्वच्या भोकापाशी ओल दिसली की त्याच दिवशी चाक उतरवा लागते. पाणी काढा, रिम गोड्या पाण्यानं धुवा, गंज खरवडा, वाळू द्या, आतून लाल रंगाचा हात मारा अन् मंग नवी ट्यूब घाला. अन् ओल नाही दिसली तरी वर्साकाठी एकदा चाक उघडून पाहाच. एवढं केलं तर रिम माह्या नातवालेही पुरते." पंतांनी इतके ऐकून घेतले आणि हळूच पुसिले, "गोड्या पाण्याने धुवावयाचे?" पुंजाजी म्हणाला, "खाऱ्यानं धुतलं तर धुतलं काय?" तेव्हा पंत सभेकडे वळून बोलिले, "रयत खारे पिते आणि चाक गोडे न्हाईल? उद्या बाया रिते हंडे घेऊन दारी उभ्या राहिल्या तर त्यांस काय तोंड दाखवावे?" हे बोलणे खरे होते, आणि खरे होते म्हणोनच सोयीचे होते. सभेच्या खिडकीबाहेर कारंजे उडत होते. त्याचा शब्द कोणी काढिला नाही. पुंजाजीने कारंज्याकडे पाहिले आणि तोंड उघडिले, तोच महाराजांनी शाल आणविली आणि पुंजाजीस "चक्रनायक" ऐसा किताब दिला. मग पुंजाजीने उघडिले तोंड मिटिले आणि शाल घेतली. आज्ञा ऐसी सुटली की, सर्व चाकांत खारे पाणी भरावे, आणि धुणे, खरवडणे, उघडून पाहणे सवडीने करावे. पुंजाजीने उठताना पुसिले, "सवडीनं म्हंजे कवा?" पंत बोलिले, "सवड होईल तेव्हा."

पुंजाजीस एकच लेक होती, सारजा. तिचा दादला गुलाबराव हा पागेतील पहिल्या ट्रॅक्टराचा चालक, आणि दोघेही पुंजाजीचेच घरी राहत. त्या दिवशी पुंजाजी शाल पांघरून घरी आला तेव्हा गुलाबराव म्हणाला, "मामाजी, आता तुमच्यासंग बोलाचं तर भालदार आणा लागते काय?" पुंजाजी हसला आणि सारी हकीकत सांगितली. सारजेने भाकरी थापता थापता विचारिले, "अन् धुवायचं काय ठरलं?" पुंजाजी म्हणाला, "सवडीनं." ती म्हणाली, "तुमी चूप बसले?" तो म्हणाला, "शाल देल्ली ना त्यायनं." सारजा म्हणाली, "मंग शालीनं पुसा रिमा." आणि भाकरी तव्यावर उलटिली.

मग चाके एकेक उचलून, व्हॉल्वचे तोंड वर आणून, खारे पाणी भरिले आणि वर थोडी हवा ठेविली. त्या वर्षी ट्रॅक्टर ऐसे चालिले की काळ्या भुईत नांगर न अडता तासे पडत गेली. गुलाबराव पहिले तास टाकून शिवेवर गेला आणि पलीकडल्या चालकास म्हणाला, "झालं आमचं ताक घुसळून, भाकर घेऊन या." सरकारातून पेढे वाटिले. पुंजाजीस पगडी आणि पालखीचा मान जाहला, आणि तो पालखीत बसून पागेत येऊ लागला. पालखीतून उतरून ट्रॅक्टराखाली सरकणे शोभेना, म्हणोन तो चाके उभ्यानेच पाहू लागला.

शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर. पोळ्याचे सुमारास गुलाबरावाने पाहिले की आपल्या ट्रॅक्टराच्या डाव्या चाकास व्हॉल्वपाशी पांढरी मिठाची कड धरिली आहे, आणि तिच्याखाली तांबडा ओघळ उतरला आहे. त्याने पुंजाजीस सांगितले. पुंजाजीने बोट लावून जिभेस लाविले, थुंकला, आणि मानाची पगडी घालून पंतांकडे गेला आणि म्हणाला, "पहिली ट्यूब गळली. चाक उघडा लागते. एक टँकर गोडं पाणी द्या." पंत स्वतः पागेत आले, सोबत दरबारचे भाट आणि उपाध्ये आले, आणि सर्वांनी तो ओघळ निरखून पाहिला. पंत बोलिले, "चक्रनायक, ही गळती म्हणावी ऐसी दिसत नाही. या चाकाने राज्याची काळी भुई फोडिली. जो राबतो त्यास काय येते?" भाट म्हणाला, "घाम." पंत बोलिले, "मग तैसेच म्हणावे." आणि तेथल्या तेथे आज्ञा लिहिली गेली की, राज्याची चाके राज्यासाठी घाम गाळतात, सबब तो घाम कोणी पुसू नये, पुसणे हा श्रमाचा अवमान आहे. उपाध्यांनी चाकास हार घातिला. गुलाबराव मागे उभा होता, तो म्हणाला, "मी लहानपणापासून घाम गाळतो, मले कोणी झेंडूचं फूल दाखवलं नाही." सर्व हसले. पंतही हसले. पुंजाजी हसला नाही, त्याने डोईवरची पगडी सारखी केली. घामाची गोष्ट राज्यभर जाहली आणि दुसऱ्या चाकांसही घाम येऊ लागला तेव्हा लोकांस आनंदच वाटला.

शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत् नाम संवत्सर. या वर्षी महाराजांची मर्जी ऐसी जाहली की दसऱ्याचे सीमोल्लंघनास ट्रॅक्टरांची स्वारी निघावी, आणि रिमांस बाहेरून झळझळीत पिवळा रंग द्यावा. रंगारी म्हणाले, खाली गंज आहे, पापुद्रे सुटले आहेत. पंत बोलिले, "पापुद्र्यावरही रंग बसतो." खरेच बसला. जुन्या रंगावर नवा, त्यावर पुन्हा चकचकीत रोगणाचा हात, ऐसे कवच दाट होत गेले. आत ट्यूब झिरपत होती, आणि झिरपले ते पाणी रिमच्या खाचेत साचून राहत होते, आणि लोखंड दिवसाही जात होते आणि रात्रीही जात होते. त्या कामास मात्र सवडीची वाट पाहावी लागली नाही.

मग शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन मास. नवरात्र बसले तेव्हा गुलाबराव घरी येऊन म्हणाला, "मामाजी, डावं चाक वळणावर करकरते. मिठाचा खडा दाताखाली आल्यावानी." पुंजाजीने पालखी दूर ठेविली आणि पुष्कळ दिवसांनी ट्रॅक्टराखाली सरकला, आणि रिमच्या आतल्या कडेस हातोडी मारिली. लोखंडाचा नाद यावा तो आला नाही. मडके फुटके असता येतो तैसा आला. तो बाहेर आला तेव्हा त्याचे तोंड उतरले होते. घरी येऊन म्हणाला, "हे चाक उघडाच लागते. पाणी सरकार देणार नाही." सारजा म्हणाली, "सरकार काहून? मी देतो." आणि तिने टँकराच्या पाण्यातून, आपल्या पिण्याच्या वाट्यातून, रोज काढून काढून दोन हंडे गोडे पाणी साठविले आणि अंगणात पालथ्या झाकण्यांखाली झाकून ठेविले, आणि घरात तितके दिवस खाऱ्या पाण्यावर भागविले. गुलाबराव चहाचा घोट घेऊन म्हणे, "आज भाजी पेलो की चहा खाल्ला?" ठरले ऐसे की अष्टमीस चाक उतरावे, धुवावे आणि नवमीस बसवावे.

परंतु अष्टमीस दरबारातून बोलावणे आले की चक्रनायकाने स्वारीच्या शोभेचा बंदोबस्त पाहावा, आणि पुंजाजी तेथे गुंतला. नवमीस सकाळी तो घरी आला आणि जॅक काढून पागेत गेला, सारजा हंडे घेऊन मागे गेली, तो तेथे खंडेनवमीचे पूजन होऊन चुकले होते. राज्याची चाल ऐसी की, खंडेनवमीस हत्यार पुजिले म्हणजे दसऱ्याचे सीमोल्लंघन होईतो ते हलवू नये, उचलू नये, त्यास पाना लावू नये. ट्रॅक्टरास हळदकुंकू लागले होते आणि डाव्या चाकास तर घामाचे म्हणोन दोन हार जास्त होते. पुंजाजी जॅक हातात घेऊन उभा राहिला. सारजा म्हणाली, "काय पाहता? उघडा." पुंजाजी म्हणाला, "पुजेवर हात कसा घालू? चक्रनायकानंच चाल मोडली म्हणतील. परवा एकादशीले उघडू." ती म्हणाली, "अन् उद्या ते चालवायचं त्याचं काय?" गुलाबरावाने तिच्या डोईवरचा हंडा उतरून घेतला आणि म्हणाला, "अवं, शिवेपर्यंत तं जायचं. सोनं लुटून परत येतो अन् तुह्या हातानं न्हाऊ घाल त्या चाकाले. मी आडवा होऊन पाठ चोळतो." सारजा बापाकडे पाहत म्हणाली, "बाबा, एकदा शाल घेतली तवा चूप बसले. आज कोणी काही देल्लंही नाही." पुंजाजी म्हणाला, "एका दिवसानं काय होते?" आणि जॅक घेऊन घरी आला. हंडे पुन्हा अंगणात झाकून ठेविले.

दशमीस स्वारी निघाली. पुढे वाजंत्री, मग पहिला ट्रॅक्टर, त्यावर जरीपटका आणि गुलाबराव, मग महाराजांची गाडी, मग बाकीची पागा. शिवेस जाण्याचा रस्ता राजतळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून होता. चढ लागला, ट्रॅक्टर डावीकडे कलला, वजन डाव्या चाकावर आले आणि रिम व्हॉल्वच्या भोकापासून कागदासारखी फाटत गेली. टायर सुटून एकीकडे गेले आणि ट्रॅक्टर पाळीखाली उलथला आणि गुलाबराव त्याखाली आला. मागल्या लोकांस आधी काही उमगले नाही. पाळीखाली तांबडे पाणी वाहताना दिसले, आणि काहींनी तो चाकाचा घाम जाणून हात जोडिले. ते सर्वच पाणी नव्हते. लोकांनी धावून ट्रॅक्टर उचलिला, तोवर उचलून उपयोग उरला नव्हता.

मग गुलाबरावास घरी आणिले आणि अंगणात ठेविले. शेवटच्या स्नानास पाणी मागितले, तेव्हा सारजा उठली आणि तिने ते दोन हंडे उघडिले. पुंजाजी आडवा हात करून म्हणाला, "माय, विहिरीचं आणतो." ती म्हणाली, "नाही. आता सवड हाये." आणि दोन्ही हंडे गोड्या पाण्याचे गुलाबरावास लागले.

तेरावा होताच दरबारात चौकशी बसली. नीळकंठपंत बोलिले की चालकाने चढास वेग धरिला असावा. मग पुंजाजीस उभे करून पुसिले, "चक्रनायक, चाकात दोष होता?" पुंजाजी म्हणाला, "होता. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, धुवा अन् उघडून पाहा." पंत बोलिले, "सांगितले होते, आणि शालही घेतली होती. नवमीस जॅक हाती होता, तो कोणी काढून घेतला?" पंतांचे हेही बोलणे खरे होते. तेव्हा सारजा पुढे आली आणि पदरातून रिमचा तुकडा काढून महाराजांपुढे धरिला. तिने तो मुठीत दाबिला तो आतले लोखंड भुसा होऊन गळून पडले आणि हातात पिवळ्या रंगाची साल राहिली. ती म्हणाली, "महाराज, हे पाहा. तुमच्या राज्यात हेच एक टणक निघालं." महाराजांचे डोळे पाणावले, हे खोटे नव्हे. ते सद्गदित होऊन बोलिले, "या चाकाने आमच्यासाठी देह ठेविला." आणि आज्ञा केली की, फुटले चाक पागेच्या दारी चबुतरा बांधून त्यावर उभे करावे, आणि ते गंजून जाऊ नये म्हणोन त्याची निगा चक्रनायकाने जातीने राखावी. पंतांनी पुसिले, निगा कैसी. महाराज म्हणाले, "पुंजाजी सांगत होता तैसी." मग ते चाक गोड्या पाण्याने धुतले, आतला गंज खरवडिला, उन्हात वाळविले, आतून लाल रंगाचा हात मारिला आणि फाटल्या कडाही रंगविल्या. त्यासाठी कारंज्याचा पाट एक दिवस वळविला. बाकीच्या ट्रॅक्टरांच्या चाकांविषयी कोणी विचारिले, तेव्हा पंत बोलिले की तेही करावयाचेच आहे, सवडीने.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर. दसऱ्याचे आदले दिवशी पुंजाजी चबुतऱ्यावर चढून चाक धूत होता. शाल त्याने कमरेस गुंडाळिली होती. चाकावरून पाणी ओघळे ते गोडे होते, सबब राज्यातील बाया चबुतऱ्याभोवती हंडे लावून बसल्या होत्या, कारण कारंज्याचे पाणी रयतेच्या बाजूस येण्याचा वर्षातील तोच एक दिवस. सारजाही एक हंडा घेऊन आली. बापलेकीत वर्षभर बोलणे नव्हते. पुंजाजीने तिला पाहिले आणि तिचा हंडा भरेतो पाण्याचा ओघ त्या बाजूस धरिला. हंडा भरला, तिने उचलिला, पण घराची वाट न धरिता पागेत गेली. तेथे गुलाबरावाच्या जागी आलेला नवा चालक, लिंबाजी नावाचा, आपल्या ट्रॅक्टरास हार बांधीत होता, आणि त्या ट्रॅक्टराच्या डाव्या चाकास पांढरी कड आणि तांबडा ओघळ होता. तिने हंडा त्याचेपुढे ठेविला. लिंबाजी घाबरून म्हणाला, "वयनी, चाक उघडायचा हुकूम नाही." सारजा म्हणाली, "चाकासाठी नाही आणला. घरी ने, तुह्या बायकोले दे अन् झाकून ठेव म्हण." आणि जाता जाता वळून म्हणाली, "अजून एक भरून ठेव म्हण. मले दोन लागले."

एवं हे चाकाचे वर्तमान. चबुतऱ्यावरील चाक फुटके आहे, परंतु त्यास आजतागायत गंज नाही. धड चाकांचा घाम चालू आहे. जाणत्याने जाणावे. लेखनसीमा.